दोघांतला कोणताही

दर दोन-तीन वर्षांनी आमच्या घरी एक माणूस यायचा आणि आमची नावं आम्हालाच वाचून दाखवायचा. त्याचं नाव शिवाप्पा. जातीनं हेळवी, म्हणजे लोकांच्या वंशावळी जपणं आणि वाचणं हाच पिढीजात धंदा. आमची माणसं उदगीरकडचं शेत सोडून हैदराबादेत आली तरी त्यानं आमचा पिच्छा सोडला नव्हता. सुगी संपली की लाल फडक्यात बांधलेल्या वह्या काखेत मारून एसटीनं यायचा आणि चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत शिरतानाच हातातली घंटी वाजवायचा. पायरीवर बसून पाणी प्यायचा, वही उघडायचा आणि आमच्या आठव्या पूर्वजापासून सुरुवात करायचा. वाचण्याची पद्धत अशी की गेलेल्या माणसाचं नाव आलं की सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि जिवंत माणसाचं नाव आलं की त्यानं स्वतः मोठ्यानं ‘हौ’ म्हणायचं; दुसऱ्या घरच्या माणसासाठी आमच्यातल्या कुणी म्हटलं तरी चालायचं. हौ आलं नाही की शिवाप्पा त्या नावापुढे काजळीची बारीक फुली मारायचा. एकदा आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, दाढी करत होते आणि तोंडाला साबण असल्यामुळे त्यांचं हौ ऐकू आलं नाही. शिवाप्पानं लेखणी उचललेली पाहून ते तसेच फेसासकट बाहेर धावले होते. आम्ही दोघं भाऊ पोट धरधरून हसलो होतो.

दोघं म्हणजे मी आणि वामन. तो माझ्याहून चौदा महिन्यांनी मोठा, पण शाळेत आम्ही एकाच वर्गात. आबांना कचेरीतून पुन्हा पुन्हा रजा काढायला नको म्हणून त्यांनी आम्हाला एकाच दिवशी नेऊन एकाच इयत्तेत बसवलं होतं. कपडेही एकाच ताग्यातले. आमच्या दोन खोल्यांच्या मागे लाकूड कापायची गिरणी होती. सकाळी नऊला करवत सुरू झाली की संध्याकाळी पाचपर्यंत घरात कुणी हळू बोलत नसे. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई तेलुगूत ओरडायच्या, आई वरून तिच्या मराठी-दखनीत ओरडायची, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. भुसा उडून पाण्याच्या घागरीवर बसायचा, म्हणून आईनं घागरीला फडकं बांधलेलं असे. जेवायला बहुतेक जोंधळ्याची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणीचा ठेचा. रविवारी खिचडी आणि चिंचेचा खट्टा. वामनला भाकरीचा पापुद्रा आवडायचा आणि मला खालचा मऊ भाग, त्यामुळे आई एकच भाकरी उलगडून दोन ताटांत वाढायची. असं वाढण्यात तिचं कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

वामन गणितात हुशार होता, असं म्हटलं तर ते फारच कमी होईल. मी पुढं चाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, चांगली चांगली मुलं माझ्या हाताखालून गेली, पण त्याच्यासारखं डोकं मी पाहिलं नाही. मी त्या वेळी पासापुरते मार्क मिळवणारा, आणि तेसुद्धा त्याच्या वहीत बघून. तो कुणालाही काही सिद्ध करून दाखवायचा नाही. एखादी गोष्ट त्याच्या मनात शिरली की जेवताना बोट ताटात फिरत राहायचं, आणि आई म्हणायची, “वामन, जेवायलास का लिहायलास?”

बाराव्या वर्षी त्याच्या मनात शिवाप्पाची वही शिरली. शिवाप्पा वाचत असताना तो मागे उकिडवा बसून कागदावर उतरवत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्या पिढीतल्या सगळ्या मुलांची नावं एका ओळीत आणि तीच नावं उभी लिहून एक मोठा तक्ता केला. दोन नावं जिथं मिळतील त्या चौकटीत एक आकडा. दोघांपासून वर चढत गेलं की कितव्या पिढीला एकच माणूस भेटतो, तो आकडा. मी आणि वामन, एक, कारण एका पिढीवर आबा. गावाकडचा चुलतभाऊ दिगंबर आम्हा दोघांपासून दोन, कारण आजोबा. श्रीपती तीन. असं चढत चढत गेलं की शेवटी आठवर बेगम बाजारातल्या रामरावकाकांचं घर होतं, आणि त्या घरात मूल नव्हतं, म्हणून तिथं वामननं नाव न लिहिता नुसतं शून्य काढलं होतं. आमचं घराणं पातळ. पटकी आणि प्लेग यांनी एकेका फांदीवर एकेकच ठेवला होता. दोन मुलगे एकाच घरात, असं फक्त आमच्याकडे.

“कुठलेही तीन घे,” वामन मला म्हणाला. मी म्हटलं, मी, दिगंबर आणि श्रीपती. त्यानं बोट ठेवून दाखवलं. मी आणि दिगंबर दोन, मी आणि श्रीपती तीन, दिगंबर आणि श्रीपतीसुद्धा तीन. “आता दुसरे तीन घे.” मी घेतले. कितीही वेळा घेतले तरी तीन आकड्यांतले मोठे दोन सारखेच निघत होते. मला ती जादू वाटली. त्याला ती वाटली नाही. पुढचे चार दिवस तो पाटीवर खोटी घराणी काढत बसला. त्याला असं एक घराणं बनवायचं होतं की ज्यात प्रत्येक जण आपापल्या जागी खिळा ठोकल्यासारखा बसेल, आणि कुठल्याही दोघांची अदलाबदल केली तर तक्त्यातला एखादा तरी आकडा बिघडेल. बारा माणसांचं काढलं, वीस माणसांचं काढलं. दर वेळी कुठंतरी एक जोडी अशी सापडायचीच की तिची जागा बदलली तरी तक्त्याला पत्ता लागत नाही.

पाचव्या दिवशी गिरणी थांबल्यावर तो पाटी घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “केशव, असं घराणं बनतच नाही. अख्ख्या तक्त्यातला सगळ्यांत लहान आकडा धर. तो ज्या दोघांच्या मधे आहे ते दोघं उचल. आता तिसरा कुणीही घे. तीन आकड्यांतले मोठे दोन सारखे, हे आपल्याला माहीत आहे. मग या दोघांमधला आकडा तर सगळ्यांत लहान. म्हणजे तिसऱ्यापासून दोघंही सारख्याच अंतरावर. तिसऱ्याला काय फरक पडतो, हा की तो?” पाटी त्यानं बाहीनं पुसली. “घराणं कितीही घट्ट असू दे, एक जोडी सैल राहतेच. आपल्या घराण्यात एकच आहे. तू आणि मी.”

पुढच्या खेपेला शिवाप्पा आला तेव्हा वामननं त्याला विचारलंसुद्धा, की आम्हा दोघांची नावं उलटी लिहिली तर वहीत काय बिघडेल. म्हाताऱ्यानं विचार केला आणि म्हणाला, “काय बिघडायचं नाही रे लेकरा. थोरला-धाकटा मी लिहीत नाही.”

मी एम.एस्सी.ला असताना आमच्या प्राध्यापकांनी एका दुपारी फळ्यावर एक व्याख्या लिहिली. अंतर मोजायची एक वेगळी रीत, जिच्यात प्रत्येक त्रिकोणाच्या मोठ्या दोन बाजू समान असतात. अल्ट्रामेट्रिक अवकाश, असं ते म्हणाले. मग असा सांत अवकाश, म्हणजे मोजके बिंदू असलेला, कधीच पुरता दृढ असू शकत नाही, किमान दोन बिंदूंची अदलाबदल त्यात नेहमी शक्य असते, हे त्यांनी चार ओळींत सिद्ध केलं. वर्गातले बाकीचे उतरवून घेत होते. मी पेन खाली ठेवलं. त्या चार ओळी मी बाहीनं पुसलेल्या पाटीवर आधी पाहिल्या होत्या, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रामरावकाका आले तो दिवस दसऱ्यानंतरचा. बेगम बाजारात त्यांचा सुक्या मिरचीचा आणि हळदीचा ठोक व्यापार. आबा शिकायला पहिल्यांदा हैदराबादेत आले तेव्हा चार वर्षं त्यांच्याच घरी राहिले होते, त्यामुळे ते आले की आबा खुर्चीवर बसत नसत. काकू, म्हणजे सीताबाई, बरोबर होत्या. मिठाईचा मोठा पुडा होता. आम्हा दोघांना जवळ बोलावून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि मला वामन म्हणाले. मी चूक दुरुस्त केली. पाच मिनिटांनी वामनला केशव म्हणाले. त्यांचे कपडे, त्यांचा श्वास, सगळ्याला मिरचीचा वास होता आणि मी तोंड फिरवून शिंकलो.

“विठ्ठलराव,” ते आबांना म्हणाले, “माझ्यामागं पाणी द्यायला कुणी नाही. भावकीत कुणाकडं मागावं? सगळ्यांकडं एकेक. तुमच्याकडं तेवढे दोन हैत.”

आबा जमिनीकडे बघत होते. “कुठला पाहिजे?” त्यांनी विचारलं. आजही त्या प्रश्नाचा मला राग येतो. नाही म्हणायची एक वेळ होती, ती त्यांनी या प्रश्नात घालवली.

“कोणताबी द्या,” रामरावकाका म्हणाले. “मला दोघं सारखेच.”

मी वामनकडे पाहिलं. तो हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर एक ओळख आली, पाटीवरचं उत्तर बरोबर आल्यावर यायची तशी.

पाहुणे गेल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. “कोणताबी म्हणजे कोणता?” तिनं आबांना विचारलं. आबा म्हणाले, “तूच सांग.” ती म्हणाली, “मी नऊ-नऊ महिने येगयेगळे मोजलेत. मला इचारू नका.” आणि ती आत गेली. त्यानंतर आठ दिवस ती आबांशी बोलली नाही. पुडा तसाच फळीवर राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या.

शेवटी आबांनी कौल लावायचं ठरवलं. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक होता. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक झेंडूची पाकळी पाण्यानं चिकटवायची, एक वामनची, एक माझी. ज्याची आधी गळेल त्यानं जायचं. देव ठरवेल, म्हणजे कुणाला दोष नको. सकाळी मी आधी आंघोळ केली म्हणून पाकळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं. आबा डोळे मिटून हात जोडून उभे होते. आई दाराच्या चौकटीला पाठ टेकून, आमच्याकडे न बघता. वामन माझ्या शेजारी.

आता लिहायचं आहे ते हेच. बाकी सगळं मी इतकी पानं लिहिलं ते बहुधा इथं यायला उशीर व्हावा म्हणून.

मला जायचं नव्हतं. मिरचीच्या त्या वासात, त्या काकूंना आई म्हणत मला जगायचं नव्हतं. वामनची पाकळी मी नुसत्या पाण्यात बुडवून लावली. माझी पाकळी लावताना सहाणेवरच्या ओल्या गंधात बोट घोळवलं आणि ते गंध पाकळीच्या मागे फासलं. गंध वाळलं की घट्ट धरतं. एवढीशी गोष्ट. चौदा वर्षांच्या मुलाला एवढी अक्कल कुठून आली, असं कुणी म्हणेल. भीती असली की येते. माझ्या पाकळीच्या कडेनं गंधाची एक पिवळी रेघ बाहेर आली होती. मी ती अंगठ्यानं पुसली. मान वळवली तेव्हा वामन माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

करवत सुरू झाली. टाकावरचं पाणी हळूहळू सुकत होतं. आमच्या घरात तेव्हा भिंतीवर घड्याळ नव्हतं, त्यामुळे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की खालच्या बाईंनी दोन वेळा कुणाला तरी हाक मारली. मग वामनची पाकळी सुटली आणि ताम्हनात पडली.

“माझी पडली,” वामन म्हणाला. आबांनी डोळे उघडायच्या आत त्यानं ते म्हटलं.

आई आत गेली आणि भाकऱ्या थापायला लागली. त्या दिवशी तिनं इतक्या भाकऱ्या केल्या की त्या दोन दिवस पुरल्या.

दत्तकविधी बेगम बाजारातल्या त्यांच्या घरी झाला, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. होमाच्या धुरात खालची मिरची मिसळली आणि भटजींसकट सगळे शिंकत होते. आबांनी वामनचा हात रामरावकाकांच्या हातात दिला आणि त्यावर पाणी सोडलं. आई आली नव्हती. निघताना वामननं मला त्याची चौकटीची वही दिली. “शाळेत लागेल,” म्हणाला. त्याला ती लागणार नाही, हे तोवर ठरलं होतं. दुकानावर बसायला गणित किती लागतं, असं रामरावकाका म्हणाले होते. ते वाईट नव्हते. त्यांना मुलगा हवा होता आणि तो त्यांना मिळाला. पहिले सहा महिने ते त्याला केशवच म्हणत असत.

त्या वर्षी शिवाप्पाची घंटी गल्लीत वाजली तेव्हा आई पायऱ्या उतरून खाली गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. “माज्या घरी वाचू नको,” ती म्हणाली. “तुझ्या वहीत मी कुठं हाय? भार्या लिवतोस. नावबी नाही. त्या वहीनं माजं लेकरू नेलं. नक्को येऊ.” सुपातला जोंधळा तिनं त्याच्या झोळीत ओतला आणि वर आली. शिवाप्पा पुन्हा आमच्या घरी आला नाही. तो परस्पर बेगम बाजारात जायचा आणि तिथंच बसून लिहून घ्यायचा.

मी वामनच्या वहीवर शिकलो. हे मी अलंकारिक बोलत नाही. त्या वहीत पुढच्या दोन इयत्तांचं गणित त्यानं आपल्या पद्धतीनं सोडवून ठेवलं होतं. मी ते पाठ केलं, मग हळूहळू मला ते समजायला लागलं, आणि मास्तर म्हणायला लागले की भाऊ गेल्यापासून हा मुलगा सुधारला. मला शिष्यवृत्ती मिळाली, नोकरी मिळाली. महिन्यातून एकदा आई डब्यात अंबाडीची भाजी आणि पापुद्र्याच्या भाकऱ्या देऊन मला बेगम बाजारात पाठवायची. वामन पोत्यांवर बसलेला असायचा, नाकाला रुमाल, डोळे लाल. डबा घ्यायचा, उघडून वास घ्यायचा आणि विचारायचा, “काकू बऱ्या आहेत?” सीताबाई ऐकत असायच्या, म्हणून आईला काकू. पहिल्यांदा त्यानं तसं म्हटलं ते मी घरी सांगितलं नाही. पण पुढं कुठल्याशा लग्नात तो आईसमोर आला, वाकला आणि “काकू” म्हणाला. आई म्हणाली, “औक्षवंत हो.” घरी आल्यावर तिनं लुगडं न बदलताच भिंतीकडे तोंड करून अंग टाकलं.

आई गेली तेव्हा मी तिशीत होतो. डोकं फक्त माझं भादरलं. भटजींनी सांगितलं तसं मी दहा दिवस सुतक पाळलं. सात पिढ्यांच्या आत दहा दिवस, त्यापुढच्या भावकीला तीन. वामन तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडे खाली सतरंजीवर बसून होता, दिगंबर आणि श्रीपतीच्याही मागे, दाराजवळ. चौथ्या दिवशी सकाळी उठला, आंघोळ केली आणि चपला घातल्या. मी म्हटलं, “थांब ना.” तो म्हणाला, “आठ म्हणजे तीन दिवस. दुकान उघडायचं आहे, बाप वाट बघत असेल.” त्याला खोकला तेव्हाच लागला होता. जिना उतरताना तो मधे थांबून खोकत होता आणि मी वरून ते ऐकत होतो.

पुढं चार-पाच वर्षांत तो खोकला छातीत उतरला. वामनचं लग्न झालं नव्हतं. एक-दोनदा ठरत आलं आणि खोकला ऐकून मोडलं. सीताबाई आधीच गेल्या होत्या. रामरावकाका हयात होते पण त्यांना दिसत नव्हतं. दवाखान्यात मी रोज दुपारी कॉलेज सुटल्यावर जायचो. वॉर्डात वीस-बावीस खाटा, प्रत्येक खाटेखाली एक पिकदाणी. एका दुपारी, त्याला जरा बरं वाटत असताना, मी सांगून टाकलं. खंडोबाच्या टाकावर मी माझी पाकळी गंधानं चिकटवली होती. जायचं होतं ते मी. कदाचित. निदान निम्मी शक्यता माझी होती आणि ती मी चोरली.

“मला दिसलं होतं तेव्हाच,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

त्यानं छताकडे पाहिलं. बोलायला त्याला वेळ लागायचा. “बोललो असतो तर आईसमोर तू चोर ठरला असतास. आणि माझं गणित तयार होतं. हा गेला काय, तो गेला काय, तक्ता तोच. मग भांडायचं कशाला?” तो खोकला, मी पिकदाणी धरली. तोंड पुसून म्हणाला, “गणित बरोबर होतं केशव. मी इथं पडून पडून पुन्हा तपासलं. कुठं चूक नाही. पण तो तक्ता शिवाप्पाच्या वहीवरून केला होता आणि त्या वहीत आई नव्हती रे.”

मी त्याचे पाय धरले. तो म्हणाला, “सोड, लोक बघायलेत.” त्यानंतर नऊ दिवसांनी तो गेला. भटजी म्हणाले, तुम्हाला सुतक तीन दिवसांचं. मी दहा दिवस पाळलं. चौथ्या दिवशी भटजींनी पुन्हा नियम सांगितला तेव्हा मी त्यांना घराबाहेर काढलं. त्याची मला अजून लाज वाटत नाही.

वर्गात तो सिद्धांत मी दरसाल शिकवला. सगळ्यांत लहान अंतर घ्या, त्याच्या टोकाचे दोन बिंदू घ्या, तिसऱ्या बिंदूला फरक पडत नाही. मुलं पटापट लिहून घ्यायची. एका मुलीनं एकदा विचारलं, “सर, त्या दोन बिंदूंना फरक पडतो का?” वर्ग हसला. मी म्हटलं, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे, आणि डस्टर उचललं. ती मुलगी आता कुठं असेल कोण जाणे. तिला मी खोटं उत्तर दिलं नव्हतं, पण खरंही दिलं नव्हतं.

आता मी आणि माझी बायको हिमायतनगरला चौथ्या मजल्यावर राहतो. आम्हाला मूल नाही. गेल्या महिन्यात दुपारी बेल वाजली. दारात पस्तिशीचा एक माणूस, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पण बॅगेतून निघाल्या लाल फडक्यातल्या वह्या. शिवाप्पाचा नातू. विठ्ठलरावांच्या घरचा पत्ता म्हणून दिगंबरच्या मुलाकडून मिळवला, म्हणाला. वर्षातले दोन महिने नोकरीतून सुट्टी काढून तो आजोबांच्या वह्यांतली घरं फिरतो. मी त्याला आत घेतलं. बायकोनं पाणी आणलं. आईनं ज्याला पायरीवरून परत पाठवलं त्याचा नातू माझ्या सोफ्यावर बसला होता, आणि मला त्याला नाही म्हणवलं नाही.

त्यानं आजोबांच्याच चालीत वाचायला सुरुवात केली. आठवा पूर्वज, सातवा, सहावा. सगळे मेलेले, आम्ही दोघं गप्प. आमच्या फांदीपाशी तो आला. विठ्ठल. गप्प. मग तो थांबला, बोट ठेवून म्हणाला, “इथं लिहिलंय की विठ्ठलरावांचे पुत्र दोन. त्यातला केशव दत्तक गेला, बेगम बाजार, रामराव यांचे घरी. राहिला वामन.”

मी ते पान माझ्याकडे ओढलं. शिवाप्पाचंच अक्षर. आमच्याकडे यायची बंदी झाल्यावर बेगम बाजारात बसून, रामरावकाकांना विचारून लिहिलेलं. मिरची तोलता तोलता त्यांनी नाव सांगितलं असणार. दोघं सारखेच. वामन तेव्हा तिथंच असणार, पोत्यांवर, नाकाला रुमाल लावून. त्यानं ऐकलं असणार. तो चूक दुरुस्त करू शकला असता आणि त्यानं ती केली नाही. त्या वहीत तरी तो आईच्या घरी राहिला.

“काही चुकलंय का?” नातवानं विचारलं. “चुकलं असलं तर सांगा. आत्ता नीट करतो. आकृती काय, तीच राहते, नुसती नावं बदलायची.”

माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत आहे. माझ्या मनात आलं की आधी मी त्याची जागा घेतली, मग वही घेतली, आता नाव घेऊ का? आणि हेही आलं की दुरुस्ती केली तर मी स्वतःच्या हातानं त्याला पुन्हा एकदा त्या घरातून काढून बेगम बाजारात पाठवीन. मी पान पुन्हा त्याच्याकडे सरकवलं.

“पुढं वाच,” मी म्हटलं.

त्यानं वही नीट धरली. “रामराव यांचे केशव,” त्यानं चाल धरली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे थांबला. मी गप्प राहिलो. त्यानं थोडी वाट पाहिली, पेन काढलं आणि त्या नावापुढे फुली मारली.

“विठ्ठल यांचे वामन,” तो म्हणाला.

“हौ,” मी म्हटलं.